उरलेल्या दहा उठाबशा

लॉकडाऊनचं काय सांगून राहिला बे, आमच्या वकील मामाचं ऐक. तंबाखूच्या खर्र्‍याबिगर त्याचा जीव चालला होता. काळा कोट चढवला अन् मले म्हणे, "गाडी काढ. वकिलाच्या कोटाले कोण अडवते?"

प्रताप नगर चौकातच हवालदारानं अडवलं. "कोर्ट तं बंद आहे साहेब. कोट काहून?"

मामा कोटाची बटणं लावू लागला.

"काढा वीस उठाबशा. दोघंही."

मामा भडकला. "उठाबशांची शिक्षा कोणत्या कायद्यात आहे? कलम दाखव!"

हवालदारानं काठी बगलेत मारली. "कलम तं मलेही नाही माहीत. तुम्ही कोर्टात जा ना माह्यावर."

"जाईनच!"

"पण ते बंद आहे. अन् तिथं जायाले पास लागते."

मामानं मुकाट्यानं कान पकडले. मी वीस काढून मोकळा झालो. मामाचे गुडघे दहातच बोलू लागले. धापा टाकत म्हणे, "उरलेल्या दहांवर स्टे मागतो."

हवालदार हसला. "कोर्ट उघडेपर्यंत मंजूर."

पुढं कोर्ट उघडलं. पहिल्याच दिवशी मामा कोट घालून ऐटीत पोहोचला, तं गेटवर बंदोबस्ताले तोच हवालदार. त्यानं कडक सलाम ठोकला, अन् दहाही बोटं उघडून दाखवली.