कोमलची कोपीवरची शाळा

मला धड चालता येत न्हवतं म्हणून मला वाचता येतं, हे आधी सांगते ताई, म्हंजे पुढचं तुमच्या ध्यानात येईल. माझं माहेर जिंतूर तालुक्यातलं. दरसाल दिवाळी झाली की आई-बाप ऊस तोडायला जायचे, भावंडं सगळी त्यांच्यासंगं, मी तेवढी मागं. लहानपणी ताप आला अन् डावा पाय वाळतच गेला. बाप म्हणायचा, हिला नेऊन काय करू, ना मोळी उचलायच्या कामाची ना लेकरं सांभाळायच्या, लेकराच्या मागं पळणार कोण. मग मला आत्याजवळ ठेवायचे अन् आत्या म्हणायची, घरात बसून माझं डोकं खाऊ नको, जा शाळंत. अशी मी सातवीपत्तर शिकले. माझ्या दोघी भैनी धडधाकट, हरणावानी पळायच्या, त्यांला आज बी यष्टीची पाटी वाचता येत न्हाई, स्टँडवर कोणाला तरी विचारतेत, दादा ही गाडी कुठं जायली.

लग्न होऊन या गावात आले, सोनपेठच्या अलीकडं. मालक लवकर गेले, मूलबाळ न्हाई. शिलाई मशीन हाय, एका पायानं चालवते. समाजमंदिराच्या ओट्यावर मांडते, उजेड चांगला असतो तिथं. टोळीवाल्यांची लेकरं दिवसभर माझ्या भवती. टोळी म्हंजे एकसाथ ऊसतोडीला जाणारी घरं, अर्धं गाव तेच हाय आमचं. लेकरं चिंध्या मागायला यायची, चिंध्यांसंगं माझा कापडावर खुणा करायचा खडू बी पळवायची अन् फरशीवर रेघोट्या मारायची. मी म्हणलं, खडू बरबादच करायचाय तर निदान अ तरी काढा. असं सुरू झालं बगा ते, कोणी सांगितलं न्हवतं, मला कोणी बोलावलं न्हवतं. बायका हसायच्या. काय मास्तरीणबाई, माझा ब्लाउज कधी देता, का त्याच्यावर बी बाराखडी काढून ठेवलीय? मी म्हणायची, काढलीय, घालून फिर, तेवढीच गावाला वाचायला येईल.

पण काय सांगू तुमाला, पावसाळ्यात अ पासून धरायचं, दसऱ्यापत्तर लेकरू जोडाक्षराला येतं, जीभ अडखळत अडखळत धडा वाचतं, तोंडावर असं काही हसू येतं त्याच्या, अन् मग दिवाळी. ट्रॅक्टर येतो, ओटा रिकामा. लेकरं येतेत ती चैत-वैशाखात, काळी पडून, अन् हातात पाटी दिली की मालूमच न्हाई, माझ्या तोंडाकडं बघतेत. परत अ. दरसाल तेच लेकरू, तोच अ. गावातल्या शाळंत तरी दुसरं काय होतं? गुरुजींनी मला पाट्या आणून दिल्या, म्हणले, मावशी, तुमी बी शिकवा अन् मी बी शिकवतो, कोणाच्या तरी हातून पार पडंल.

त्यात एक कोमल निघाली. अंकुश अन् सुनिताची थोरली. तिचं डोकंच येगळं. उसाच्या फडातून माघारी आली तरी वाचलेलं हाय तसं. आता मी एकटी अन् लेकरं मोप, मग मी तरी काय करणार, ज्याला येतं त्यानं ज्याला येत न्हाई त्याच्याजवळ बसायचं, असं लावून दिलं. तर कोमल मोठ्यांजवळ न्हाई, बारक्यांजवळ बसायची. कमरंवर एक, मांडीवर एक, पुढ्यात चार, अन् हिचं चालूच, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. जी लेकरं आईजवळ गप बसत न्हाईत ती हिच्या भवती गोल करून बसायची. बायका रानातून येता येता थांबून बघायच्या. मला बरं वाटायचं, मी म्हणायची, बगा, आमच्या शाळंत बाई तयार झाली.

मागल्या साली दिवाळीच्या आधी मी सुनिताकडं गेले. म्हणलं, सुनिता, या बारीनं कोमलला नेऊ नको, माझ्याजवळ ठेव, मी खाईन ते ती खाईल, पाचवी बुडवू नको तिची. सुनिता म्हणली, मावशी, माझं मन हाय, यांला विचारते. अन् अंकुश बी हो म्हणला! कोमलनं आपलं गाठोडं त्याच दिवशी माझ्या घरी आणून ठेवलं, दोन झगे, कंगवा अन् मराठीचं पुस्तक. खुंटी कोणती माझी, असं विचारलं. मी तिला दारामागची दिली.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी ट्रॉलीत भांडी चढली, कोंबड्या चढल्या, शेळी चढली, अन् शोभा माझ्या दारात आली. ही शोभा त्यांच्याच टोळीतली. त्याच्या आदल्या साली तिचं लेकरू फडात, उसाच्या पाल्यावर झोपलेलं, ट्रॅक्टर मागं घेताना ड्रायव्हरला दिसलं न्हाई. पुढचं मी सांगत न्हाई. त्यावर तिला दुसरं झालं होतं, ते काखेत. मला म्हणली, मावशे, तुमी कोमलला ठेवून घ्यायलाव म्हणं. म्हणलं, हो. तर ती भांडली न्हाई, ओरडली न्हाई. म्हणली, आमी पहाटंच फडात जाताव, लेकरं कोपीवर टाकून. कोपी म्हंजे ताडपत्रीची झोपडी, कारखान्याकडं तिथंच राहतेत ती. म्हणली, कोमल असली की लेकरं तिच्याजवळ बसतेत, वाटंकडं पळत न्हाईत. तुमच्याच ओट्यावर बघितलंय मी. माझं एक गेलं मावशे, आता हे एकच हाय.

मागं अजून चार जणी उभ्या होत्या, सगळ्यांच्या काखेत लेकरू. तुमी सांगा ताई, मी काय बोलायला पाहिजे होतं? एका पोरीची पाचवी एकीकडं अन् ती सगळी लेकरं एकीकडं. तुमी शिकलेल्या हाव, तुमाला तरी उत्तर येतंय का? सुनिता खाली बघायली. अंकुश म्हणला, टोळीचं ऐकावं लागतं मावशी. अन् कोमलच बोलली. म्हणली, मावशी, तू रडू नको, मी तिथं शाळा घेते की. दारामागच्या खुंटीवरून गाठोडं काढलं तिनं. मी पाट्या दिल्या, खडूचा डबा दिला. ट्रॉलीवर चढल्यावर बायका चेष्टा करायल्या, आमच्या बाईला जागा द्या, आमच्या बाईला पोत्यावर बसवा. अन् ती खरंच हसायली, बाई म्हणलेलं आवडलं लेकराला.

पहिल्या पहिल्यांदा अंकुशच्या फोनवरून बोलायची. मावशी, आज च अक्षर झालं, आज एकाला नाव काढता आलं. मग एकदा म्हणली, मावशी, लेकरं खडू खातेत. मी हसले, म्हणलं, अगं हातात देऊ नको. म्हणली, त्यांला भूक लागती मावशी, त्यांच्या आया दुपारपत्तर येतच न्हाईत. मग पुस्तक शेळीनं खाल्लं. मग पाट्या फुटल्या. मग मी विचारायची, कोमल, वाचतेस का गं काही, तर मागं लेकराचं रडणं यायचं अन् ती म्हणायची, ठेवते मावशी, ते चुलीकडं जायलंय.

चैतात आली. ओट्यावर आली तर काखेत शोभाचं लेकरू, ते तिला सोडीतच न्हवतं. मी पुढं पुस्तक धरलं. तिनं एक ओळ वाचली, बोट ठेवून ठेवून, मग थांबली. म्हणली, मावशी, याला झोप आलीय. अन् उठून गेली. शाळंत पुन्हा गेली न्हाई, कोणी जा बी म्हणलं न्हाई. यंदा तिला नेऊ का म्हणून कोणी मला विचारायला येणार न्हाई, ती टोळीतलीच हाय आता. दारामागची खुंटी तशीच हाय, मी तिथं काही अडकवत न्हाई.

लेकरं अजून येतेत ओट्यावर, मी शिकवते. पण आता कोणाला कोणाजवळ बसवत न्हाई. एकेकाला मशीनजवळ बोलावते अन् एकटीच शिकवते, त्यानं होत काहीच न्हाई, अर्ध्यांचा नंबर येईपत्तर दिवस मावळतो. बेजार झालेय मी. मागल्या आठवड्यात शोभा ब्लाउज न्यायला आली. तिचं लेकरू ओट्यावर रडायलं. राणी म्हणून एक पोरगी हाय, टोळीतलीच, दुसरीला, चांगलं वाचायलीय, तिनं आपणहून त्याला मांडीवर घेतलं, हातात पाटी दिली अन् बोट धरून रेघ काढायला लागली. लेकरू गप. शोभा आधी लेकराकडं बघायली, मग राणीकडं बघायली.

मी मशीनवरून ओरडले. ठेव त्याला खाली! राणी घाबरली. म्हणली, मावशी, ते रडतंय. म्हणलं, रडू दे. रडू दे त्याला. तिनं ठेवलं खाली, अन् ते पुन्हा भोकाड पसरून रडायलं. शोभानं येऊन उचललं अन् मला म्हणली, काय मावशे, लेकरावर कशाला ओरडता, पोरगी चांगली हाय की. लेकरं राहतेत तिच्याजवळ.

मी मान खाली घातली अन् मशीन चालवायले. दिवाळी आलीय बगा ताई जवळ. जायच्या दिवशी लेकरं पाया पडायला येतेत माझ्या. मी डोक्यावर हात ठेवते. धडधाकट रहा म्हणू का राणीला? का काय म्हणू?