पायाचा दोष

आई : हळू गं, समोरचा थांबलाय.

मुलगी : दिसतोय मला. तू आधी ती दारावरची दांडी सोड. गाडी सिग्नलला उभी आहे.

आई : सवय लागलीय. हे चालवायचे तेव्हा मी नुसती लोंबकळायचे तिला.

बाबा : काच पुसून घ्यायला हवी होती. घेणारा माणूस आधी काच बघतो.

मुलगी : सगळी धुऊन आणलीय, बाबा. कागद आईजवळ आहेत. तिथे सह्या करायच्या, किल्ली द्यायची आणि टॅक्सीने परत. तासाभराचं काम.

आई : सुटू एकदाचे. खाली उभ्या गाडीकडे बघून बघून ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

बाबा : माझं तोंड पहिल्यापासून एवढंच आहे.

मुलगी : बाबा, वाईट वाटतंय का तुम्हाला?

बाबा : वाटायचंय काय त्यात! ज्याचा पाय ठिकाणावर नाही त्याने गाडी ठेवू नये. तूच म्हणालीस.

मुलगी : मी असं नव्हते म्हणाले.

बाबा : असंच म्हणालीस. जेवायच्या टेबलावर, जावईबापूंच्या समोर. ‘बाबा, तुमचा पाय आता ठिकाणावर राहिला नाही, किल्ली द्या इकडे.’ मी दिली. पुढे भातही वाढून घेतला.

मुलगी : त्या दिवशी गाडीत आईच्या मानेला केवढा हिसका बसला होता!

आई : आठवडाभर शेकत होते.

बाबा : म्हणून तर दिली. मी कुठे भांडलो?

मुलगी : जाऊ दे आता तो विषय. हा पूल चढलो की पलीकडे डावीकडेच आहे त्यांचं...

आई : अगं बाई!

मुलगी : सॉरी, सॉरी! खड्डा होता.

बाबा : पुलावर खड्डा नाही.

मुलगी : मग माझे बूट नवे आहेत ना, पाय जरा जड पडला असेल. लागलं का गं, आई?

आई : कपाळ आपटलं की पुढच्या सीटवर! आणि हे बघ, पुन्हा! अगं, करतेस काय?

मुलगी : मी काही करत नाहीये! खरंच सांगते, पाय हलवलासुद्धा नाही. दाबलं की गाडी आधी नुसती ढिम्म. आणि मग एकदम उडी.

बाबा : आवाज ऐकलास?

मुलगी : कसला?

बाबा : इंजिनाचा. इतका वेळ नव्हता. बॅटरी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालते ही. बॅटरी संपली, गाडी पेट्रोलवर गेली. जाताना आधी दम खाते आणि मग झेप घेते. समोर बघ, बॅटरीचं चित्र रिकामं झालंय.

मुलगी : बाबा...

बाबा : आधी पूल उतर. खाली झाडाजवळ जागा आहे, तिथे बाजूला घे. इंडिकेटर दे. हळू. आता थांबव.

*(गाडी रस्त्याच्या कडेला थांबते.)*

मुलगी : तुम्हाला हे माहीत होतं?

बाबा : दरवेळी व्हायचं. तुझ्याकडे आलो की गाडी चार्ज करायचो, ती परतताना ह्या पुलापर्यंत पुरायची. आजही तुझ्याकडूनच निघालोय. पुढे सगळं पेट्रोलवर. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरून वायर कुठे सोडत बसणार?

मुलगी : पण मी एवढी वर्षं चालवली ही. तुम्हाला दिली तीसुद्धा चांगली म्हणूनच दिली. मला एकदाही हिसका बसला नाही.

बाबा : घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. रात्रभर प्लगला. पेट्रोल तुला लागलंच कधी?

मुलगी : मग सांगितलं का नाहीत?

बाबा : सांगितलं होतं, एकदा. त्याच टेबलावर. तू म्हणालीस, ‘बाबा, गाडीच्या माथी मारू नका, मी चालवलीय ती.’ सगळे हसले.

आई : मीही हसले.

बाबा : तू सगळ्यांत जास्त.

आई : हो. आठवतंय.

मुलगी : आणि मी नुसते दोन हिसके खाल्ले तर आधी खड्ड्याला बोल लावला, मग बुटाला. स्वतःच्या पायावर नाव येऊ दिलं नाही. तुमच्या पायाला मात्र... शी! मला तोंड वर करून बघवत नाहीये तुमच्याकडे.

बाबा : बघू नकोस. समोर बघ, तू ड्रायव्हरच्या सीटवर आहेस.

मुलगी : थट्टा नका ना करू. हे बघा, आपण गाडी विकायची नाही. गॅरेजला नेऊ, दुरुस्त करू, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही पुन्हा तुमच्या शिलाईच्या दुकानात जायला लागा...

आई : दुकानाचं नको काढूस.

मुलगी : का? कंटाळा आला म्हणून बंद केलं ना बाबांनी?

आई : मलाही तेच सांगितलंय. पण कंटाळा आलेला माणूस झोपेत कापड सरळ करत नाही.

बाबा : झोपेतलं काय काय बघत असतेस!

आई : अहो, आता तरी सांगा.

बाबा : सांगायचं काय? शिलाई मशीनचा पायडल पायानेच दाबतात. मोटरवर चालतं माझं. जरा जास्त दाबलं की सुसाट. किल्ली दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक कोट घेतला हातात. बाहीला टीप मारायची, एवढंच. जन्मभर तेच केलंय, डोळे मिटून केलंय. पायडलवर पाय ठेवला आणि मनात आलं, हा ठिकाणावर नाही. झालं. मशीन सुटलं, टीप गेली अस्तरातून आरपार. उसवली, पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग गिऱ्हाइकाला कापड भरून दिलं आणि मशीन दुकानाशेजारच्या रफूवाल्या बाईंना देऊन टाकलं. त्या चांगलं ठेवतात. तेल वेळेवर देतात.

मुलगी : देऊन टाकलं? तुमचं मशीन?

बाबा : ज्याचा पाय चालतो त्याच्याकडे असावं.

मुलगी : पण पायात काहीच नव्हतं, बाबा! बिघाड गाडीत होता!

बाबा : होता ना. आता पायातही आहे.

आई : असं बोलू नका हो.

बाबा : मी कुणावर रागावलेलो नाही. तुमचं पटलं मला, त्याला तुम्ही काय करणार? गाडीवर मला संशय होता. तुमच्यावर नव्हता.

मुलगी : त्यापेक्षा रागवा ना! मला लाज वाटतेय नुसती. कुठे जाऊन लपू असं झालंय... कोण आता? थांबा, घेणाऱ्यांचाच फोन आहे.

बाबा : उचल. वाट बघत असतील.

मुलगी : काय सांगू?

बाबा : खरं ते सांग.

मुलगी : हॅलो. हो, निघालो होतो. नाही, आज येत नाही. गाडीला दोष निघालाय. बॅटरीवरून पेट्रोलवर जाताना हिसके देते. काय? नाही हो, चालवण्याचा प्रश्न नाही. चालवणारे उत्तम आहेत. आमचीच चूक झाली, आम्हीच त्यांना... गाडीचा दोष आहे. हो. माफ करा. ठेवते.

बाबा : पुन्हा सांग.

मुलगी : त्यांना? परत फोन लावू?

बाबा : मला.

मुलगी : गाडीचा दोष होता, बाबा. तुमच्या पायाचा नव्हता. मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले होते, आता सगळ्यांसमोर सांगीन. त्याच टेबलावर.

बाबा : टेबलाचं राहू दे. पाणी पी.

मुलगी : नको. तुम्ही इकडे या. गॅरेजपर्यंत तुम्ही न्या गाडी.

बाबा : छे छे. तू चालव.

मुलगी : बाबा, प्लीज. ही किल्ली.

बाबा : गॅरेजच्या अलीकडे चढ आहे. नको. मागे ही बसलीय, हिची मान...

आई : मान माझी आहे, मी बघून घेईन. आणि एक सांगू का? तुम्ही चालवताना अधूनमधून आरशातून मागे बघायचात. मी दांडीला धरलंय की नाही, ते बघायचात. मला कळायचं.

बाबा : मग?

आई : तरी धरायचे. मुद्दाम दिसेल अशी धरायचे.

बाबा : माहीत आहे.

आई : आता जास्त बोलायला लावू नका. पलीकडून या आणि बसा.

बाबा : चढावर धक्का बसेल.

आई : बसू दे. आरशात बघा, दोन्ही हात मांडीवर आहेत माझे.