सरकारी वकीलबाई उठल्या तेव्हा

तुरुंगाच्या भेटखिडकीपुढच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. अपिलाचा निकाल लागताच दोघी कोर्टातून थेट इथे आल्या होत्या; सासू मात्र तिथं बाहेरच्या बाकावरच बसून होती.

"म्हणजे सुटला का गं तो?"

"नाही, आई. शिक्षा दहा वर्षांचीच आहे. पण आठ वर्षं भरल्याशिवाय सुटकेचा अर्जच करायचा नाही, ही अट बेकायदा ठरली. कायद्यात जास्तीत जास्त पाचच बसतात."

"आपला वकील चांगला भांडला म्हणायचा."

"कुठला भांडतोय! तो घसा खाकरतोय तोवर सरकारी वकीलबाईच उठल्या."

"तीच ना, खटल्यात मी जिच्या नावानं बोटं मोडली?"

"तोंडावर मोडलीत! आज त्याच म्हणाल्या, 'आठ वर्षांची अट मीच मागितली होती. कायदा नीट पाहिला नाही. माझं चुकलं.'"

"भर कोर्टात? कुणी विचारलं होतं का तिला?"

"कुणीच नाही. आवाजसुद्धा खाली आला नाही हो त्यांचा."

"बाई धीराची गं!"

"मी जिन्यात हात जोडले, तर म्हणाल्या, 'गोदाम तुमच्या नवऱ्यानंच पेटवलंय. ते मी विसरलेले नाही.'"

"खरंच आहे. त्या आगीत भाजलेल्या पहारेकऱ्याला अजून स्वतःच्या हातानं जेवता येत नाही."

"आई, आपला नंबर आला. पाच वर्षांचं तुम्ही सांगता त्याला?"

"ते तू सांग. ती बाई 'माझं चुकलं' म्हणायला कशी उठली, ते मी सांगते. आपल्या शहाण्याच्या तोंडून ते अजून एकदाही निघालेलं नाही."