पत्त्याची रिकामी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंदिर समितीचे प्रमुख माननीय श्री. वेंग तेंग-फा, व्यासपीठावर बसलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका श्रीमती शियाओ, तैपेईहून एवढ्या लांब आलेले पाहुणे श्री. कांग, बंदरावरचे मासेमार बंधू, कालवं सोलायची सोडून आलेल्या माझ्या सगळ्या बहिणी, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आपली श्ये वान-रू,

आधी उशिराबद्दल माफी मागतो. हे भाषण सोमवारपर्यंत लिहून कार्यालयात द्यायचं होतं. मी ते आज सकाळी पूर्ण केलं. तीन वह्यांची पानं फाडली. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला बोलायला सांगतात आणि वर लिहूनही मागतात, म्हणजे काय? मागे ऐकू येतंय ना? माईक शिट्टी मारतोय की माझा कान? बरं, असू दे. पण ज्या गोष्टीला खरा उशीर झाला ती ही नाही. तिच्याकडे येतोच.

मी चुआंग शुई-मू. या मंदिरात सव्वीस वर्षं दिव्यांची वही मी सांभाळतो. पाहुण्यांसाठी सांगतो, नववर्षाला आमच्याकडे प्रत्येक घराचा एक दिवा आमच्या समुद्रदेवीसमोर, माझू आईसमोर लागतो. वहीत नाव लिहायचं, जन्माची तिथी आणि वेळ लिहायची आणि पत्ता लिहायचा. पत्ता कशाला? तर आईनं वर्षभर ज्या घरावर लक्ष ठेवायचं, ते घर तिला सापडायला नको का? म्हणून ही वही वेगळी. सरकारी कागदावर माणूस जुना पत्ता ठेवील, बँकेत मामाचा देईल, पण आईच्या वहीत कुणी खोटं लिहीत नाही.

आठ वर्षांपूर्वी मंदिराची वेबसाइट बघणारी वान-रू कार्यालयात आली आणि म्हणाली, "काका, ही वही वेबसाइटवर नेऊ या. परगावची मुलं घरबसल्या दिवा लावतील." मी म्हटलं, "आई संगणक बघते का?" ती म्हणाली, "आई सगळंच बघते, तुम्हीच सांगता ना?" आता या मुलीशी काय वाद घालणार!

तिनं वेबसाइटला एक तयार भाग जोडला. त्याला प्लगइन म्हणतात. देवळांसाठीच कुणीतरी बनवलेला, फुकट मिळणारा. वहीतला आपला क्रमांक घातला की आपला दिवा आणि त्याखाली आपली नोंद दिसायची. चार-पाच वर्षं छान चाललं. लोक मला विसरले, मला जरा वाईटही वाटलं.

मग तीन वर्षांपूर्वीचं नववर्ष आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वान-रू माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, प्लगइनमध्ये दोष सापडलाय. बनवणाऱ्यानं दुरुस्ती पाठवलीये. आजच बसवते. अर्धा तास वेबसाइट बंद राहील. तुमचा शिक्का हवा."

आता सांगा, नववर्षाच्या पहिल्या पाच दिवसांत आपण झाडू तरी हातात धरतो का? घरातला कचरासुद्धा बाहेर टाकत नाही. आणि मंदिरात तर मी कंदिलांचा उत्सव होईपर्यंत खिळासुद्धा ठोकू देत नाही. मी म्हटलं, "दिवे लागलेत. आत्ता काही उघडायचं नाही, मोडायचं नाही. पंधरा दिवस थांब." ती म्हणाली, "काका, दुरुस्ती आली की चोरालाही कळतं भोक कुठं आहे ते." मी म्हटलं, "वर्षाच्या सुरुवातीला चोराचं नाव काढू नकोस." ती गेली. शिक्का माझ्या खिशातच राहिला.

अकराव्या दिवशी आमच्या आ-छुन मावशी कार्यालयात आल्या. कालव्यांचा वास आधी आला, मग मावशी. हसता काय, त्या समोरच बसल्यात! मावशी खुशीत होत्या. "वान-रू, काय सोय केलीस गं! माझा नंबर घालताना एक आकडा चुकला, तर शेजारणीचं सगळं निघालं. जन्मतारखेसकट! दहा वर्षं मला सांगते सशाच्या वर्षातली आहे म्हणून. वाघाच्या वर्षातली निघाली, म्हणजे एक वर्ष आधीची! माझ्यापेक्षा मोठी, आणि मला ताई म्हणते!"

मी पोट धरून हसलो. वान-रू हसली नाही. तिचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला. तिनं आमच्या देखत वेबसाइट बंद केली. शिक्का मागितला नाही.

कुणी काय पाहिलं याची नोंद संगणकात राहते म्हणे. ती वाचत ती तीन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कुणी अनोळखी एकापासून नऊशेपर्यंतच्या सगळ्या नोंदी पाहून गेलाय. सातव्या दिवशी." तो कोण होता ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि त्या नऊशेंत एक बाई होती. नवऱ्याच्या मारापासून पळून लेकरासह आपल्या गावात आलेली. कागदोपत्री ती दुसरीकडेच राहत होती. खरा पत्ता फक्त आईच्या वहीत. ती आज सभागृहात असेल किंवा नसेल. कृपा करून माना वळवू नका. वान-रू त्याच दुपारी स्कूटर घेऊन तिच्याकडे गेली, आणि दोघांना स्वतःच्या आईच्या घरी घेऊन आली. चाळीस दिवस ठेवलं. तेवढे दिवस स्वतः स्वयंपाकघरात जमिनीवर झोपली. नवरा आला नाही. पण आला असता तर? मी आजही कुणी मोठ्यानं दार वाजवलं की दचकतो.

मग समितीची बैठक झाली. अध्यक्षमहाराज, रागावू नका, तुम्हीच मला सांगितलंय की सगळं बोला. तेंग-फा म्हणाले, "बंद केलंस ना? झालं तर मग. आता गप्प बसू. बोभाटा झाला तर पुढच्या वर्षी दिवा कोण लावील?" सगळ्यांच्या माना हलल्या. सगळ्यात जोरात माझी हलली. मग तेंग-फांनी कौलाचे लाकडी तुकडे उचलले. "आईलाच कौल लावू. ती म्हणेल तसं."

वान-रू दाराशी उभी होती. म्हणाली, "काका, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे त्याचा कौल लावत नाहीत. आईचा वेळ कशाला घ्यायचा?"

तेंग-फांनी तुकडे खाली ठेवले. त्या ठेवण्याला धैर्य लागतं, मी जवळून पाहिलंय.

प्रत्येक घरी पत्र गेलं. लाल कागद शुभकार्याचा, त्यावर वाईट बातमी कशी छापायची? आणि पांढरा तर सुतकाचा, तो नकोच. शेवटी पिवळा कागद काढला. काय उघडं पडलं, किती दिवस, काय काळजी घ्यावी, सगळं साध्या शब्दांत. शिवाय तोच प्लगइन वापरणाऱ्या सव्वीस देवळांना तिनं फोन केले, कारण देवळात ईमेल कोण वाचतं? डोंगरातल्या एका पुजाऱ्याशी झालेलं बोलणं मी कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, "आमचा संगणक दोन वर्षं बंद आहे, मुली." "मग तुमची वेबसाइट कोण चालवतं, आजोबा?" "देव." तिनं त्याच्या नातवाचा नंबर मिळवला आणि रात्र पडायच्या आत ती वेबसाइट बंद करून घेतली.

नंतर याच सभागृहात लोक जमले. चिडलेले होते, आणि का नसावेत? मागून कुणी ओरडलं, "दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आली होती ना? मग बसवली का नाही? प्लगइन कुणी आणला होता? या पोरीनंच ना?" वान-रू म्हणाली, "कार्यालयाकडून उशीर झाला. मी जबाबदार आहे." आणि वाकली. तिनं माझं नाव घेतलं नाही.

मी पहिल्या रांगेत होतो. मी बुटांकडे बघत राहिलो. मंडळी, नऊ दिवस ती दुरुस्ती पडून राहिली ती माझ्यामुळे. शिक्का माझ्या खिशात होता. नंतर दोन वर्षं लोक तिला ऐकवत राहिले, बाजारात मासळी घेताना टोमणे मारत राहिले, "पत्ता सांगू का, की तुझ्याकडे आहेच?" मी तिथंच उभा असायचो. उशीर झाला म्हणालो तो या गोष्टीला. वान-रू, पोरी, सगळ्यांच्या देखत माफी मागतो. ज्यांनी तिला बोल लावलेत त्यांनी आता ते बोल माझ्याकडे पाठवावेत, मी रोज सकाळी नऊपासून वहीपाशी असतो.

खोटं कशाला बोलू, त्यानंतरच्या वर्षी दोनशेच्या वर दिवे कमी लागले. पण पुढच्या वर्षी त्यातले बरेच लोक परत आले. एक म्हातारा मला म्हणाला, "चुकल्याचं पत्र पाठवणारं देऊळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं." आणि त्या प्लगइन बनवणाऱ्यानंच श्री. कांग यांना तिचं नाव सांगितलं. आता ती त्यांच्याकडे नोकरीला तैपेईला चालली आहे. अशी भोकं चोराआधी शोधायची आणि मालकाला सांगायचं, हे तिचं काम. पगार बरा आहे म्हणतात. पाऊस फार आहे तिकडे, गुडघे सांभाळ. अजून तिशीत आहेस, पण गुडघे सांगून दुखत नाहीत.

समितीनं वेळ दिला, बायकांनी कालव्यांची आमलेटं केली आणि ती माझ्यामुळे थंड होतायत, त्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्याच्या विसरभोळेपणाच्या खाती टाका. मात्र एक गोष्ट विसरलो नाही, ती मुद्दाम बोललो.

शेवटचं. वान-रू, आज सकाळी मी तुझ्या नावाचा दिवा लावला. वहीत हातानं लिहिलं. नाव लिहिलं, तिथी लिहिली, वेळ तुझ्या आईला विचारून लिहिली. पत्त्याची ओळ रिकामी आहे. तू म्हणतेस खोली अजून ठरायची आहे. मग माझू आईनं एवढ्या मोठ्या शहरात तुला कुठं शोधायचं? तेव्हा खोली मिळाली की त्याच दिवशी फोन कर. वेबसाइटवर घालू नकोस. मी पेन घेऊन बसलोय.