जादूच्या शाळेचा पट

परतूरच्या स्टँडवर पिलूला मांडीवर थोपटत मी गाडीची वाट पाहत होते. मागच्या बाकावर एक गुरुजी आणि दहावी झालेली त्यांची मुलगी वही उघडून बसले होते.

“मोनिका, हॉस्टेलचा विषय घरीच संपला. पोरीला मी संभाजीनगरला ठेवणार न्हाई. अकरावी इथंच कर.”

“मी कुठं काही बोलून राह्यले, अप्पा? तुम्ही माझी गोष्ट तपासा फक्त.”

“काय तपासू? म्हणे हसनाबादेत जादूची शाळा. जादू येणारं पोरगं किती जणांत एक?”

“लाखात एक.”

“मंग जिल्ह्यात झाली वीस. वर्ग सात. वर्गाला तीनसुद्धा न्हाई. अशी शाळा वर्षात बंद पडंल, बाई. तीस वर्षं पट भरून राह्यलो मी.”

“मंग अख्ख्या राज्याला एकच शाळा. पोरं बाराशे.”

“अन् राहतील कुठं?”

“हॉस्टेलात.”

“बरं. पण इथं पटावर सहाशेच मांडलेत तू. बाकी सहाशे कुठं गेले?”

“त्या पोरी आहेत.”

“पोरींना जादू येत न्हाई का?”

“येते की. जन्मतात तर सारख्याच.”

“मंग पटावर का न्हाईत? जरा डोकं लावून लिहीत जा.”

“त्यांना घरून पाठवलं न्हाई, अप्पा.”

“खोड ते.”

“कशाला? पट तर आता बराबर जुळला.”