हात ओढतो

नाही, नाही, आधी ती टेबलावर अंथर. अशी हातात लोंबकळत धरून मला काय कळणार, गोधडी आहे की ओला टॉवेल? ती कात्री सरकव तिकडे. हां. आता उलटी कर — अगं बाई! बघितलंस? वरचं कापड इथपर्यंत, मधला कापूस इथपर्यंत, आणि अस्तर? अस्तर चार बोटं आधीच संपलं! पुढून सदरा आणि पाठ उघडी, तसली गत. आणि कडेला ही जी पट्टी जोडलीय ना, ती बाईनं डोळे मिटून जोडली असणार. कोणी शिवलीय, तू? — आईनं? मग आईला म्हणावं, आता चष्मा तरी बदला नाहीतर धंदा तरी. बरं बाई, नको हसूस, मी आपली गंमत करतेय.

दुरुस्त होईल, न व्हायला काय झालं? पट्टी काढून टाकायची, कडेच्या तीन ओळी उसवायच्या, अस्तराला त्याच जातीच्या कापडाची रुंद पट्टी जोडायची, शिवण दाबून इस्त्री करायची आणि त्या तीन ओळी परत घालायच्या. पण मुळात ही वेळ येतेच कशाला? अस्तर आधी धुवायचं, वाळवायचं, मग मापायचं, आणि चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवून कापायचं. कारण कापड आटतं. आणि प्रत्येक टाका कापड खातो — इवलंसंच खातो, पण टाके किती? हजारोंनी! वर जेवढं तेवढंच खाली कापलं की संपलं. शेंबड्या पोरालाही कळतं हे, आणि तुझ्या आईला एवढं वय होऊन —

काय? काय विचारायला सांगितलंय? परत म्हण. "माझा हात अजून ओढतो का, तेवढं बघून सांग." असंच म्हणाली? याच शब्दांत?

थांब जरा. दिवा लाव तो. टाके डावीकडून उजवीकडे गेलेत… डावखुरी आहे तुझी आई. मुंगी! तू मुंगीची मुलगी होय! आम्ही गोधड्यांच्या कारखान्यात मुंगी म्हणायचो तिला, तिच्या टाक्यांची रांग तशी चालायची म्हणून. मग आल्या आल्या बोलली का नाहीस? कशी आहे ती? — अंथरुणाला खिळलीय? डॉक्टर काय म्हणतात? — अरेरे. अरेरे म्हणतेय खरी, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला तसं काही वाटत नाहीये. चाळीस वर्षं झाली तोंड बघून. माणूस वापरातून गेलं की गेलं.

हात तर होता हो तिचा, नाही कोण म्हणतंय? मी सात वर्षं बोटं झिजवून जे शिकले ते ही बया सात दिवसांत करून मोकळी. मालकीणबाई येता-जाता तिची गोधडी उचलून सगळ्यांना दाखवायच्या — "बघा गं, याला म्हणतात टाका." माझ्यासमोर! आणि त्याच साली कापायच्या टेबलावर एकीला बसवायचं होतं. कापणारीचा मान मोठा, बसायला खुर्ची, बाकी सगळ्या जमिनीवर. ती खुर्ची माझी होती, कोणालाही विचार. म्हणून तर तिला मी — म्हणजे तिला कोणीतरी सांगितलं असणार की जास्तीचं अस्तर कच्च्या हातांना लागतं, पक्का कारागीर वर जेवढं तेवढंच खाली कापतो. गर्विष्ठ होती, तिला ते पटलं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. हो, मीच सांगितलं. मग? बाईंनी तिला आजमावायला कापायला बसवलं त्या पहिल्याच दिवशी, डबा खाताना, हसत हसत. तिनं बारा गोधड्या तशा कापल्या, इस्पितळातल्या मुलांसाठी होत्या, बाराच्या बारा तोकड्या! मालकीणबाईंनी सगळ्या जमिनीवर मांडल्या आणि तिला मधोमध उभं केलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता नाव घेते माझं. मी आधीच बोलले — "बाई, हिचा हात ओढतो. टाका घट्ट घालते, कापड गोळा होतं." आणि तुला सांगू, तिनं ते खरं मानलं! स्वतःच्या हाताकडे बघत राहिली वेडी. तशीच गेली घरी. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि हे बघ, हे टाके बघ आता, कसे फेंगडे, कसे सैल! ओढू नये, ओढू नये म्हणून सैल सोडत गेली असणार जन्मभर. होता नव्हता तो हात घालवून बसली, आणि अस्तर ते तोकडंच! मी मात्र त्या खुर्चीवर तीस वर्षं बसले.

आता ऐक. घरी जा आणि सांग — मावशीनं नीट बघितलं, म्हणाली, हो, थोडा ओढतो. एवढंच. तू जाऊन खरं सांगशील तर तिचा जीव अडकेल नुसता. स्वतःचं चुकलं म्हटलं की माणूस गप पडतं, शांत जातं. तिच्या भल्याचंच सांगतेय. माझं काय जातंय त्यात? "थोडा ओढतो" — म्हणशील ना?

काय? माहितीय? कोणाला, तिला? कधीपासून? — तुझ्या शिवणवर्गात? पहिल्याच दिवशी शिकवलं, अस्तर सगळेच जास्त सोडतात म्हणून… आणि तू जाऊन तिला सांगितलंस. बरं. मग काय केलं तिनं? — दोन दिवस जेवली नाही, आणि मग तुला इकडे धाडलं? सगळं ठाऊक असताना विचारायला कशाला धाडलं?

परत म्हण. "ती आता तरी खरं सांगते का बघ. सांगितलं तर हाताला धरून घेऊन ये, मला भेटायचंय तिला."

अगं मग — सांगितलंच की मी! आत्ता तुझ्यासमोर सगळं नाही का सांगितलं? कारखाना, बारा गोधड्या, सगळं! ते शेवटचं, "थोडा ओढतो" सांग म्हटलं ते सोड, ते आपलं तोंडातून गेलं. घडी कशाला घालतेस? राहू दे ना ती, दुरुस्त करून देते मी, आजच देते. थांब, चपला घालते आणि येते तुझ्याबरोबर. किती लांब आहे घर? — नको? नको का? तिनं बोलावलंय मला, तुझा काय संबंध? अगं, ती वाट बघत असेल माझी!

बरं. नको तर नको. जा. कोणाला पडलीय? घे ती चिंधी आणि नीघ. मला कामं आहेत. दार लाव जाताना.