साहेबांचे बूट

इन्कम टॅक्सवाल्यानं आपण होऊन चहा मागितला, की समजावं राव, काहीतरी हातचं गेलं.

माझं लेथचं वर्कशॉप भोसरीला, पण ऑर्डरी आणि बिलं मी चिंचवडला घरीच बघायचो, बाहेरच्या खोलीत. म्हणून त्या खोलीचं भाडं ऑफिसखर्चात दाखवलं होतं. तर एक दिवस ते तपासायला इन्स्पेक्टर दारात हजर. तो बूट काढायला वाकला, तसा मी घाईनं म्हणालो, "राहू द्या साहेब, ऑफिसच आहे."

तो बुटांसकट आत आला. टेबल बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे बघत बसला. मी चहाचं विचारलं.

"कुणाच्या ऑफिसात मी चहा घेत नाही," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. त्याच्याच तोंडून ऑफिस शब्द निघाला होता. तेवढ्यात आतून आई आली.

"बूट घालून घरात कोण शिरलंय रं? आत्ताच फरशी पुसलीय मी."

इन्स्पेक्टर मुकाट्यानं उठला, दाराबाहेर बूट काढून आला आणि सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसला.

"मावशी, आता द्या अर्धा कप," तो म्हणाला. "घरचा चहा मी घेतो."